पोंबालचं घर

एल्देर बसच्या पाळ्या लावतो, पोर्तूत.
पहाटे साडेचारला कोण, शेवटच्या फेरीला कोण,
कुणाची लेक आजारी, कुणाच्या भावाचं लग्न,
चारशे चालकांचे दिवस तो जुळवून देतो.
आमचा एक रविवार काही त्याला जुळत नाही.

मी लिस्बनला, रक्तपेढीत.
पिशव्यांवर गट लिहिते, तारीख लिहिते:
या दिवसाच्या आत वापरा, नाहीतर टाकून द्या.
लग्नाला सहा वर्षं झाली.
दोन मिठाच्या बरण्या, दोन वीजबिलं,
दोन पलंग, दोन्हींवर एकेकाच बाजूला पडलेला खळगा.
नेलकटर मात्र एकच,
आणि ते कायम दुसऱ्या शहरात.

मार्चमध्ये त्याने नकाशा पसरला.
माझ्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला,
एक टोक त्याच्या डेपोवर, एक माझ्या रक्तपेढीवर,
मग दुमडून मधोमध चिमटीत धरला.
चिमटीखाली पोंबाल आलं.
"इथे," म्हणाला,
"म्हणजे कुणाचे कुणावर उपकार नकोत."
न्याय असाच असावा, मला वाटलं,
दोघांनाही सारखाच लांब.

घर वाईट नव्हतं.
भाडं निम्मं. परसात लिंबाचं झाड,
लिंबं इतकी की खाली पडून कुजलेली.
कोनाड्यात कुणाचा तरी विसरलेला चश्मा.
दोना लेओनिल्दने किल्ल्या हातात न देता विचारलं,
"दिवसा घरी कोण?"
कुणी नाही.
"संध्याकाळी?"
साडेआठनंतर. दोघंही.
"मग हिवाळ्यात शेगडी पेटवणार कोण?
हे घर एकटं राहिलं की भिंतींना पाणी सुटतं."

एल्देरने सवयीने पेन्सिल काढली.
घराच्या जाहिरातीच्या पाठीवरच रकाने आखले:
तो चार पन्नासला बाहेर, मी पाच चाळीसला,
तो थकून परत, मी थकून परत,
गाडी चुकली तर अमुक, संप असला तर तमुक.
सगळ्यात खाली त्याने लिहिलं, 'घर'.
पुढची चौकट बराच वेळ कोरी.
पेन्सिलीचं टोक त्यात टेकलेलं, नुसतं.
चारशे माणसांत एकही पाळी
त्याने कधी रिकामी सोडली नव्हती.

स्टेशनवर त्याची गाडी उत्तरेची, माझी दक्षिणेची,
मध्ये आठ मिनिटं.
पोर्तूच्या पेढीत जागा निघायला दोन वर्षं लागतील,
हे मी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं,
तर तो म्हणाला,
"माझ्याकडे बस चालवायचं लायसन्स आहे.
जुनं, पण आहे.
लिस्बनमध्ये बस चालवेन.
पाळ्या दुसरा कुणी लावू दे माझ्या."

पगार कमी. बढती गेली.
बावीस वर्षांचा तरुण साहेब त्याला सांगणार,
पहाटे साडेचारला ये.
मला आनंद झाला, आधी आनंदच झाला,
आणि मग त्या आनंदाची लाज,
बर्फाळ पाण्यात पाय घातल्यासारखी.
"हे उपकारच झाले की रे," मी म्हटलं.
"हो. उपकारच. लिहून ठेव."

लिहून ठेवलेत.
त्यावर तारीख घातलेली नाही.
पुढे कधी भांडणात ते बाहेर निघतील,
मी काढीन की तो, ठाऊक नाही;
आणि त्या दोऱ्याचं काय झालं तेही आठवत नाही,
बहुधा नकाशातच दुमडून राहिला.

त्याची गाडी आधी आली.
पायरीवरून वाकून त्याने
खिशातलं नेलकटर माझ्या तळहातावर ठेवलं.
"पुढे घेऊन जा हे."
दार लागलं.

तो सामान घेऊन आला तीन आठवड्यांनी.
बॅग खाली ठेवायच्या आधी
हात पुढे केले त्याने, दोन्ही,
शाळेत बाई तपासायच्या तसे.
नखं ही एवढी वाढलेली.